तर्रीच्या डागाखालची तारीख

नागपुरातल्या नाग नदीकाठच्या एका बगीच्याबद्दल एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. विकास आराखड्यात ‘बगीचा’ म्हणून राखीव असलेली जागा वाणिज्यिक वापरात टाकायचा प्रस्ताव आहे. तिथे खासगी विकासकाचं लग्नाचं लॉन आणि फूड प्लाझा होणार. “आमदारांना ४१२ सह्यांचं निवेदन दिलं, एक दिवस धरणंही धरलं. आता हायकोर्टातून स्टे मिळेल का?” अशी पत्रं मला वरचेवर येतात, नदी तेवढी कधी नाग, कधी पिवळी.

सर, स्टेचं नंतर पाहू. तुम्ही जाहीर सूचनेच्या कात्रणाचा फोटो जोडलाय, त्यावर पोह्यांच्या तर्रीचा डाग आहे आणि तो नेमका तारखेवर. पत्रात म्हणता, ‘तीनेक आठवडे झाले असतील’. तुमचं सगळं प्रकरण या ‘तीनेक’वर लटकलंय.

सूचना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालची आहे, एवढं डागातूनही दिसतं. या कलमात हरकतीला मुदत आहे सूचनेच्या तारखेपासून एक महिना. सूचना राजपत्रात येते, पेपरातही येते, आणि दोन्ही तारखा वेगळ्या असू शकतात. आधीची धरून मोजा. आमदारांना दिलेलं निवेदन म्हणजे हरकत नव्हे, आणि धरणं तर नव्हेच. सूचनेत ज्या अधिकाऱ्याचं पदनाम छापलंय, त्याच्या कार्यालयात लेखी अर्ज पोचला तरच ती हरकत. ४१२ माणसं सह्या करतात आणि त्यातल्या एकालाही सूचनेचा शेवटचा परिच्छेद वाचावासा वाटत नाही, काहून ते मला अजून उमगलेलं नाही.

तेव्हा उद्याच अर्ज द्या. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या’ असं ऐकू आलं तर तिथून थेट पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा. एकच सामायिक कागद नको, जमतील तेवढ्यांनी स्वतंत्र अर्ज द्यावेत. मौजा, खसरा क्रमांक, आराखड्यातलं आरक्षण लिहा. घर बगीच्यापासून किती अंतरावर, तिथे रोज कोण जातं तेही लिहा, कारण कलमातली सुनावणी बाधित व्यक्तींसाठी आहे आणि तुम्ही बाधित कसे हे दुसरं कुणी सांगणार नाही. ‘मला सुनावणी हवी आहे’ हे वाक्य वेगळ्या ओळीत टाका.

मुद्द्यांमध्ये झाडं-पाखरं खुशाल येऊ द्या, पण जोर पूररेषेवर ठेवा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. जागा निळ्या रेषेच्या आत निघाली तर बांधकामाची वाट अवघड होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नदीकाठच्या घरांत काय झालं, ते नागपुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नगररचना विभागातून भाग नकाशा मागा. माहिती अधिकारातही मागा, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, त्यासाठी हरकत अडवून ठेवू नका.

कलम ३७ खाली आराखड्याचं स्वरूप न बदलणारेच फेरबदल करता येतात. हा मुद्दा लिहा, पण त्यावर विसंबू नका. एका बगीच्याने अख्ख्या शहराच्या आराखड्याचं स्वरूप बदलतं हे पटवणं सोपं नाही.

जागा खरंच सार्वजनिक आहे का, हेही आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर बघा. महापालिकेची की नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची), हा त्यातला छोटा प्रश्न. मालक खासगी असून नुसतं आरक्षण असेल, तर १० वर्षं उलटल्यावर त्याने कलम १२७ ची खरेदी नोटीस (‘जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी) दिली का ते पाहावं लागेल, आणि मग सल्ला वेगळा.

आता स्टे. बंगळुरूत उद्यानाची जागा खासगी नर्सिंग होमला दिली गेली, तेव्हा रहिवाशांना कोर्टात येण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच मान्य केलंय. म्हणजे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचं दार उघडं आहे. शासनाच्या मंजुरीआधी गेलात तर ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवतील असं मला वाटतं, आणि मंजुरीनंतर सुस्तावलात तर उशीर अंगाशी येईल. हरित न्यायाधिकरणाचा विचार सध्या नको. नगररचना कायदा त्याच्या अखत्यारीत नाही. स्टेची खात्री कुठलाही वकील देणार नाही. पुण्यात प्रभात रोडवर शाळेसाठी राखीव जागेवर इमारत झाली. उच्च न्यायालयाचा निकाल १९९९ चा, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम करायला २०११ उजाडलं. याचिकाकर्ते जिंकले, पण तोवर शाळेत जायच्या वयाची पोरं कॉलेजात गेली.

डागाखालची तारीख महिन्याच्या पलीकडची निघाली तर? तरीही अर्ज द्या, उशिराचं कारण लिहून, आणि एक प्रत नगररचना संचालकांना पाठवा; मंजुरीआधी शासन त्यांचा सल्ला घेतं. विचारात घेतीलच असं नाही. त्या दिवसाचा स्वच्छ अंक तुमच्या वाचनालयाच्या फायलीत असेल. सकाळी उघडलं की आधी तिथे जा.