मॅट वार्निश मारल्यावर मॉडेल रेल्वेच्या इंजिनावरची वेदरिंग पावडर (इंजिन जुनं, मळकट दिसावं म्हणून लावायची रंगीत भुकटी) दिसेनाशी का होते?

पावडर तिथेच असते. वार्निश कणांमधल्या फटींत मुरतं आणि फिकट छटा जवळजवळ पारदर्शक होतात. शिवाय मूळ चकचकीत रंगावर पावडर नीट धरतच नाही. आधी मॅट वार्निशचा पातळ हात द्या, 24 तास वाळू द्या, मगच पावडर लावा, हवी त्याहून थोडी जास्त. शेवटचं वार्निश 25-30 सेंमीवरून, दोन-तीन विरळ फवाऱ्यांत मारा. एकदम ओला थर दिलात तर पावडर वाहून डाग पडतात. धुराडं, चाकांमागची चौकट अशा बोट न लागणाऱ्या जागी वार्निश नकोच.

आणि खाणीत किंवा कारखान्यात शंटिंग करणारं (डबे इकडून तिकडे हलवणारं) इंजिन आहे म्हणून सरसकट गंज चढवू नका! कनेक्टिंग रॉड, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, तेलकट असतात. तिथे काळपट तपकिरी रंगात थोडं ग्लॉस वार्निश मिसळा. सॅडल टँकच्या (बॉयलरवर खोगिरासारख्या बसवलेल्या पाण्याच्या टाकीच्या) पाणी भरायच्या झाकणापासून खाली क्षारांचे पांढुरके, बारीक ओघळ काढा. एवढ्या एका खुणेने इंजिन खरं वाटू लागतं.

फवारणीनंतर चाकांचा रुळाला टेकणारा भाग आणि पिकअपच्या (चाकांकडून वीज घेणाऱ्या) पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तिथे वार्निश राहिलं तर वीज पोचत नाही, इंजिन अडखळतं.