वृत्तविभागाच्या पॅनेलवर आलेल्या मुलीला

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

लेखी परीक्षा दिलीस, स्वरचाचणी पार केलीस, आकाशवाणीच्या वृत्तविभागाच्या पॅनेलवर, म्हणजे लागेल तसं ड्युटीला बोलवायच्या यादीवर, आलीस. आणि आता मैत्रिणी विचारतायत, ‘रेडिओ ऐकतं कोण गं?’ त्यांचा दोष नाही. त्यांना गाडीतला एफएमच माहीत. पण त्या खासगी एफएमना स्वतःची बातमी द्यायची मुभा नाही, हे त्यांना सांग. द्यायचीच असेल तर आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं सहक्षेपित करायचं. ही मक्तेदारी मला स्वतःला पटत नाही. पण ती आहे तोवर तुझ्या एका चुकीच्या बातमीला रेडिओवर दुसरा उतारा नाही, हे धरून काम कर.

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवते ती संस्था प्रसार भारती. रुजू होण्याआधी तिचा 1990 चा कायदा मिळव आणि त्यातलं कलम 12 वाच. नागरिकाला मोकळेपणाने, खरी, वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपायचा, परस्परविरोधी मतं मांडायची, स्वतःचा कुठलाही विचार पुढे रेटायचा नाही, शेती आणि ग्रामविकासाकडे खास लक्ष द्यायचं, असं सगळं त्यात आहे. कायदा 1990 चा, पण अमलात यायला 1997 उजाडलं. मधल्या काळात सरकारं बदलली, घाई कुणालाच नव्हती! त्याआधीची गोष्ट तर आणखी जुनी. आणीबाणीत रेडिओ सरकारचा भोंगा झाला होता, म्हणून वर्गीज समितीने 1978 मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनसाठी स्वतंत्र न्यास सुचवला. तोही कागदावर राहिला. आजही प्रसार भारतीचा पगार मुख्यतः केंद्राच्या तिजोरीतूनच निघतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे तुला तिथे कुणी ना कुणी ऐकवेलच.

तेव्हा 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठव. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना भांडत होती. न्यायालयाने सांगितलं, प्रक्षेपण ज्यांवरून होतं त्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं, आपल्या महाराष्ट्राचे. म्हणजे पोळी जनतेचीच आहे, सरकार फक्त वाढपी.

प्रत्यक्षात काय करायचं? मंत्र्यांच्या उद्घाटनाची बातमी घ्यावी लागेल. घे. पण पुलाचं काम कधी सुरू झालं, खर्च कितीवरून कितीवर गेला, हे एक वाक्य त्याच बातमीत बसव. कुणी काढलं तर पुढच्या वेळी पुन्हा बसव. आंदोलनाच्या बातमीत आंदोलकांची मागणी सांग, नुसती वाहतूक खोळंबल्याची नको. राजीनामा खिशात घालून फिरणारे मी खूप पाहिले. त्यांच्यापेक्षा रोज एक वाक्य चिकाटीने टिकवणारा उपसंपादक जास्त उपयोगी पडतो.

दुसरं, जिल्हा सोडू नकोस. चॅनेलवाले मुंबईत एका बंगल्याबाहेर दिवसभर कॅमेरे लावून बसतील, त्यांचं गणित जाहिरातीचं आहे. रत्नागिरीच्या मच्छीमाराला समुद्र खवळणार की नाही हे हवं असतं, लासलगावच्या शेतकऱ्याला कांद्याचा भाव. यातून कुणाला फारसा पैसा सुटत नाही, म्हणून तर हे काम लोकांच्या पैशातून करायचं. जून 2023 मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला, तेव्हा केवढी ओरड झाली! निर्णय थांबवावा लागला. सकाळी 7.10 च्या पुण्याच्या बातम्यांची सवय लागलेली माणसं अजून आहेत, हे वरच्यांनाही त्या दिवशी कळलं असेल.

आणि निसर्ग वादळ. 3 जून 2020 ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. कित्येक गावांत वीज गेली ती दिवसच्या दिवस आली नाही, मोबाइलचे टॉवर निकामी. तुझ्या मैत्रिणींचा फोन अशा वेळी फार तर विजेरी म्हणून चालेल. सेलवरचा रेडिओ मात्र बोलत राहतो, लांबचा ट्रान्समीटर चालू असला की झालं. मध्यम लहरींचे जुने ट्रान्समीटर बंद करताना वीजबिलाचा हिशेब मांडतात, तो मला म्हणूनच अपुरा वाटतो.

अॅप, यूट्यूब यांना नाकं मुरडू नकोस. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसार भारतीने गोव्यात ‘वेव्हज’ हे ओटीटीही सुरू केलं. तिथे जायलाच हवं. पण व्ह्यूज मोजून बातमीचा क्रम लावायला लागलीस तर तुझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय? शिवाय त्या शर्यतीत आपण हरणारच, आपल्याकडे थंबनेल करणारासुद्धा धड नसतो.

कॉपी दिल्लीहून इंग्रजीत किंवा हिंदीत येईल. भाषांतर करताना वाक्यं तोड, श्रोत्याला मागे जाऊन वाचता येत नाही. गावाच्या नावाचा उच्चार खात्री नसेल तर त्या तालुक्यात फोन कर.

शेवटचं, पैशाचं. पॅनेलवरच्यांना महिन्यात मोजक्याच ड्युट्या मिळतात आणि मानधन हाती पडायला वेळ लागतो. घरखर्चासाठी दुसरं काम हाताशी ठेव, पण कुठल्याही पक्षाचं किंवा सरकारी जाहिरात संस्थेचं घेऊ नकोस. पहिला ड्युटी चार्ट लागला की फोटो पाठव.

तुझी,
ताई