स्कूटरला सायकलचा ब्रेक बसेल का?

प्रश्न: माझ्या उभं राहून चालवायच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा मागचा डिस्क ब्रेक पार गेलाय, घरात जुन्या सायकलचा पडलाय, तो लावू का?

उत्तर: लावा, पण आधी मापं घ्या. सायकलच्या सहा बोल्टवाल्या डिस्कची भोकं 44 मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात, तुमच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, तेच माप असेल तर निम्मं काम झालं, फक्त 160 मिमीची डिस्क छोट्या चाकात रस्त्याच्या फार जवळ येते म्हणून 140 किंवा 120ची बघा. लिव्हर मात्र सायकलचा नकोच! बऱ्याच स्कूटरच्या लिव्हरमध्ये बारीक स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा, तो गेला की तुम्ही ब्रेक दाबताय आणि मोटर पुढे ओढतेय असं होऊ शकतं. आणि हो, पॅडला तेलाचा हात लावू नका.