'बनावटीचे' आणि 'बनावट'

प्रश्न : 'देशी बनावटीचे पिस्तूल जप्त' आणि 'बनावट नोटा जप्त' अशा दोन बातम्या एकाच पानावर वाचल्या. पिस्तूल खरे आणि नोटा खोट्या, मग दोन्हीकडे शब्द एकच कसा? शिवाय 'खोटा' हा साधा शब्द असताना 'बनावट' कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शब्द एकच आहे, पण त्याचे व्याकरण दोन्हीकडे वेगळे आहे. 'सजावट', 'लिखावट' यांच्याप्रमाणे 'बनावट' हे मुळात स्त्रीलिंगी नाम असून त्याचा अर्थ केवळ 'घडण' असा आहे. या नामाला प्रत्यय लागून 'बनावटीचे' असे रूप झाले, की वस्तू कोठे किंवा कोणी तयार केली एवढेच कळते. प्रत्ययाविना तेच नाम विशेषण म्हणून पुढे आले, की 'बनावट नोट', 'बनावट शिक्का' असा खोटेपणाचा अर्थ उभा राहतो. हिंदीत या विशेषणासाठी 'बनावटी' असे वेगळे रूप आहे. मराठीने मात्र नामालाच विशेषण केले, म्हणून हा गोंधळ होतो.

'घडवणे' या अर्थाकडून खोटेपणाकडे जाणारी ही वाट अनेक भाषांनी धरलेली आहे. संस्कृतातील 'कृ' धातूपासून 'कृत्रिम' आणि 'कृतक' हे शब्द झाले. 'कृतककोप' म्हणजे लटका राग. हिंदीतील 'जाली नोट' ऐकून आपल्याला जाळे आठवते, परंतु तो शब्द 'बनवणे' या अर्थाच्या अरबी धातूवरून फारसीमार्गे आला आहे. इंग्रजीतील 'फोर्जरी'चे नातेही लोहाराच्या भट्टीशी आहे. आपल्याकडे 'अपहरणाचा बनाव' किंवा 'मला बनवू नकोस' या प्रयोगांत हेच दिसते. जे आपोआप घडायला हवे, किंवा ज्याचे मोल ते कोणाच्या हातून आले यावरच ठरते, ते दुसऱ्याने मुद्दाम घडवले की फसवणूक होते, आणि भाषेने नेमके त्या हातावर बोट ठेवले आहे, असे मला वाटते.

संस्कृत धर्मशास्त्रात अशा गुन्ह्यांसाठी 'कूट' हा शब्द होता. तराजू, राजशासन (राजाचा लेखी आदेश), मापे आणि नाणी यांत कूट करणाऱ्यास याज्ञवल्क्यस्मृतीने दंड सांगितला आहे. तेथील 'नाणक' शब्द आपल्या 'नाणे'मध्ये टिकला. 'कूट' मात्र 'कूटप्रश्न', 'कूटनीती' अशा शब्दांत राहिला आणि त्याचा तो जुना अर्थ व्यवहारातून गेला.

आता 'खोटा'विषयी. हा शब्द व्यापक आहे, कारण बोलणे, आरोप, शपथ, नाणे असे काहीही खोटे असू शकते. 'बनावट' म्हणण्यासाठी मात्र अस्सल वस्तूसारखी दिसेल अशी दुसरी वस्तू तयार केलेली असावी लागते. तलाठ्याने स्वतःच्या सहीशिक्क्याने चुकीच्या माहितीचा दाखला दिला, तर त्यातील मजकूर खोटा ठरतो, पण दाखला बनावट नसतो. तोच दाखला दुसऱ्या कोणी तलाठ्याच्या नावाने तयार केला, तर आतील प्रत्येक अक्षर खरे असले तरी तो बनावटच होय.