हॅरिसन न्गाऊ कोण, आणि मुंबईत त्यांचा गौरव कसा करावा?

तुमचा प्रश्न असा: 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मुंबईतल्या आमच्या कॉलेजात हॅरिसन न्गाऊ यांच्यावर कार्यक्रम ठेवतोय. ते नेमके कोण, आणि इथल्या मुलांना ते जवळचे का वाटावेत?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझं पोट त्याच्यावर चालतं. गेली 22 वर्षं मी रे रोडच्या लाकूड बाजारात एका वखारीत हिशेब लिहितो. दाराच्या चौकटींसाठी आमच्याकडे सगळ्यांत जास्त खपतो तो ‘मलेशियन साल’. नावात साल असला तरी हा आपल्या छत्तीसगड-ओडिशाकडचा साल नव्हे, त्याचा भाऊबंद म्हणता येईल. मलेशियाचे ओंडके बरेचसे कांडल्याला उतरतात, गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरले जातात आणि तिथून देशभर पसरतात. सारावाक हे बोर्निओ बेटावरचं मलेशियाचं राज्य. तिथल्या ओंडक्यांचं भारत हे कित्येक वर्षं फार मोठं गिऱ्हाईक होतं. सगळा मलेशियन साल सारावाकचाच असतो असं नाही. पण तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घराची चौकट बाराम नदीच्या खोऱ्यातून आलेली असू शकते, आणि न्गाऊ त्या खोऱ्यातले. कायान जमातीचे.

1970 च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या गावाच्या रानात लाकूडतोड कंपनी शिरली. पुढे ते ‘सहाबात आलम मलेशिया’ या पर्यावरण संघटनेचं काम बारामकाठच्या मारुडी गावातून पाहू लागले. मार्च 1987 मध्ये पेनान या तिथल्याच रानात राहणाऱ्या जमातीच्या लोकांनी कंपन्यांच्या रस्त्यांवर आडवे वासे बांधून, बायकापोरांसकट तिथेच बसून ट्रक अडवायला सुरुवात केली. कायान आणि इतर जमातीही उतरल्या. त्या नाकाबंद्यांच्या मागे उभे राहून त्यांचं म्हणणं जगापर्यंत नेणाऱ्यांत न्गाऊ होते. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर मलेशियात देशभर धरपकड झाली, शंभरावर माणसं आत गेली. न्गाऊंना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली खटल्याविना 60 दिवस कोठडीत ठेवलं. शिवाय राज्याने वनकायद्यात नवं कलम घातलं: लाकूडतोडीचा रस्ता अडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद.

1990 साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, तेव्हा तो मिळालेल्यांत न्गाऊ होते. त्या पैशाचं त्यांनी काय केलं? निवडणूक लढवली. त्याच वर्षी बाराम मतदारसंघातून अपक्ष उभे राहिले आणि जिंकून संसदेत गेले. नंतर ते वकील झाले आणि मूलनिवासींच्या जमिनीचे खटले चालवू लागले.

कार्यक्रमात वेळ द्यायचाच असेल तर तो या खटल्यांच्या मुळाशी द्या. सारावाकच्या जमीन कायद्यात मूलनिवासींचा परंपरागत हक्क मान्य आहे, पण तो 1 जानेवारी 1958 च्या आधी निर्माण झालेला असावा लागतो. आणि निर्माण कसा होतो? रान तोडून जमीन कसली, फळझाडं लावली, दफनभूमी केली, अशा खुणांनी. कायान शेती करतात, त्यांच्याकडे दाखवायला जुनी पडीक शेतं असतात, आजोबांनी लावलेली झाडं असतात. पेनान मात्र पिढ्यान्‌पिढ्या रानात फिरून जगले. साबूदाण्याच्या जातीच्या ताडाचा गर खायचा, पण पुन्हा फुटवा येईल एवढा जपून तोडायचा. त्यांनी रान साफ केलंच नाही. म्हणजे ज्यांनी जंगल शाबूत ठेवलं, त्यांच्याकडेच जंगल आपलं असल्याची खूण नाही! हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी वखारीतल्या थप्प्यांकडे नीट बघवेना.

आपल्याकडे वनहक्क कायदा 2006 सालचा. त्यातही एक तारीख आहे, 13 डिसेंबर 2005. पण आपला कायदा एक पाऊल पुढे गेला: गावाने जपलेल्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला तो 2009 मध्ये मिळाला. पुराव्यात थडगी, देवस्थानं, विहिरी आणि म्हाताऱ्यांचा जबाब चालतो. तरी दावे वर्षानुवर्षं का अडकून पडतात, ते पालघर-शहापूरकडच्या कुणालाही विचारा.

म्हणून एक कळकळीची विनंती. फलकावर ‘वृक्षमित्र’ लिहू नका. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये गोरेगावजवळच्या आरेच्या जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडं पडायला लागली तेव्हा मीही गेलो होतो. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर 2,141 झाडं गेली होती. हा आकडा मुंबईला पाठ झाला. आरेत आदिवासींचे 27 पाडे आहेत हे मात्र गोरेगावात जन्म काढलेल्यांनाही माहीत नव्हतं. न्गाऊ झाडांसाठी लढले हे खरंच, पण त्यांचं म्हणणं होतं की ही जमीन आमची आहे. व्यासपीठावरून ते वाक्य गेलं पाहिजे.

प्रमुख पाहुणा म्हणून मोठं नाव शोधू नका. आरेच्या एखाद्या पाड्यावरच्या वारली आजींना बोलवा, आणि त्यांना एवढंच विचारा की आमच्या आधी तुम्ही इथे होतात हे तुम्ही कशावरून दाखवाल. भाताची खाचरं, वाघोबाचं ठाणं, आंब्याची झाडं, जे सांगतील ते मुलांनी लिहून घ्यावं. त्यांच्या येण्याजाण्याची सोय आणि मानधन आधी ठरवा, शाल-श्रीफळ नंतर.

चौकटीचा तुकडा मी देतो. मलेशियन सालचा दोनेक फुटांचा कापलेला ठोकळा वखारीत नेहमी पडलेला असतो. टेबलावर ठेवा, मुलांना हातात घेऊन त्याचं वजन बघू द्या. कॉलेजातून कुणीतरी रविवार सोडून कधीही या, मी काढून ठेवेन.