कॉलेजात बाहेरच्या मुलांसाठी कार्यक्रम करायचा आहे, परवानग्यांची सुरुवात कुठून करू?

तुझा प्रश्न असा आहे: 'मी मुंबईत एस.वाय.बी.ए.ला आहे, मराठी वाङ्मय मंडळाची सेक्रेटरी आहे. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आंतरमहाविद्यालयीन एकांकिका आणि संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम करायचा आहे. प्राचार्य म्हणाले, आधी सगळ्या परवानग्या आणा, मग बोलू. सगळ्या म्हणजे कोणत्या, ते कुणीच सांगत नाही.'

एके काळी मीही वाङ्मय मंडळात होते. आता बारा वर्षं उपनगरातल्या एका कॉलेजात शिकवते आणि सांस्कृतिक समितीचं काम बघते. माझ्या वर्गातल्या मुलींशी बोलते तसं तुला 'तू' म्हणूनच लिहिते आहे.

परवानग्यांची यादी शोधत फिरू नकोस. आधी मंडळाची बैठक घ्या आणि एकाच प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा: हॉलमध्ये कोण बसणार? फक्त आपल्या कॉलेजची मुलं, की बाहेरची पण? बाकी बहुतेक नियम या एका उत्तरावर फिरतात. आपलीच मुलं, आपलाच हॉल, दुपारची वेळ, तिकीट नाही, एवढंच असेल तर बहुतेक वेळा प्राचार्यांची सही पुरते. बाहेरच्या एका जरी कॉलेजला पत्र गेलं, किंवा इन्स्टाग्रामवर 'सर्वांना प्रवेश' असं पोस्टर पडलं, की कायद्याच्या नजरेत तो वेगळाच कार्यक्रम होतो.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो कॉपीराइटमध्ये, आणि मंडळाची मुलं नेमकं तिकडेच दुर्लक्ष करतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली शैक्षणिक संस्थांना एक सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून तिथल्याच विद्यार्थ्यांनी किंवा शिक्षकांनी नाटक किंवा गाणं सादर केलं, आणि प्रेक्षकांत फक्त संस्थेतले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंध असलेली माणसं असली, तर तो हक्कभंग ठरत नाही. ही अट नीट वाच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नट बाहेरचे आणि प्रेक्षकही बाहेरचे. त्या सवलतीवर विसंबून राहता येत नाही. म्हणून प्रवेशअर्जासोबत प्रत्येक कॉलेजकडून एकांकिकेच्या लेखकाचं परवानगीपत्र मागा. लेखकाला मानधन द्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण पत्र हवंच. आपल्याकडे लेखकाला न विचारता एकांकिका उचलण्याची जी सवय आहे, तिचं मला मनापासून वाईट वाटतं. भाषेचा गौरव करायला निघालेल्या मंडळाने भाषेत लिहिणाऱ्याला एक फोन करायला काय हरकत आहे?

एकांकिकेला आणखी एक कागद लागतो. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. नाटकवाली मुलं त्याला नुसतं 'सेन्सॉर' म्हणतात. जुनी, गाजलेली एकांकिका असेल तर प्रमाणपत्र बहुधा आधीच झालेलं असतं, त्याची प्रत मिळवायची. नवीन संहिता असेल तर वाचून व्हायला वेळ जातो. म्हणून प्रवेशिका जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच बंद करा, म्हणजे धावपळ करायला महिना तरी हातात राहील.

गाण्यांचं म्हणशील तर, गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस ही संस्था परवाना देते, आणि ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असली तर पीपीएलसारख्या कंपन्यांशी बोलावं लागतं. वाद्यवृंद समोर बसून वाजवणार की ट्रॅकवर गाणार, यावर कुणाकडे जायचं ते ठरतं. या परवान्याचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवशीच धरा. तो शेवटच्या आठवड्यात आठवला की मुलं स्वतःच्या खिशातले पैसे घालतात, हे मी पाहिलं आहे.

आता तारखेबद्दल. २७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, तो हलवता येत नाही. पण तुझ्या इमारतीत ज्युनिअर कॉलेज आहे का, आणि ते बारावीच्या बोर्डाचं केंद्र आहे का, ते आजच विचार. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते. त्या दिवसांत परीक्षा केंद्रांभोवती मनाई आदेश लागू होतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे ज्याला आपण पूर्वी १४४ म्हणायचो, त्याखाली ते निघतात. जवळची झेरॉक्सची दुकानंही बंद ठेवायला लावतात, तेव्हा स्पर्धेची छापाछापी आधीच उरका. सकाळी ११चा पेपर असेल तर साउंड चेक सकाळी होणार नाही, आणि दुपारच्या सत्राचा पेपर असेल तर संध्याकाळी ६ वाजेपर्यंत माइकला हातही लावायचा नाही. बोर्डाचं वेळापत्रक समोर ठेवूनच प्राचार्यांना भेट. त्यांच्या मनातली अर्धी भीती तीच असते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. पेपर आडवा येत असेल तर २७ला छोटं अभिवाचन करा आणि स्पर्धा जानेवारीच्या शेवटी घ्या. तसं झालं तर प्रवेशिका डिसेंबरातच बंद कराव्या लागतील.

पोलीस ठाण्यात जायचं ते कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र घेऊन. प्राचार्यांची सही, शिक्का, जावक क्रमांक. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने अर्ज केला तर तो परत येतो. मंडळाच्या प्रभारी प्राध्यापकांना सोबत ने. पत्रात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, हॉल की मैदान, अंदाजे किती माणसं, पाहुणे कोण, आणि जबाबदार माणसाचा मोबाइल नंबर एवढं हवं. दोन प्रती ने आणि एकीवर पोच घे. पाहुणे राजकीय असतील किंवा कुणी नट-नटी येणार असेल तर ते पत्रात लपवू नका, कारण बंदोबस्त त्यावरून ठरतो. तिकीट लावणार असाल तर आणखी परवाने लागतात. माझा सल्ला, पहिल्या वर्षी तिकीट लावूच नका. रस्त्यावर गाड्या लागणार असतील तर वाहतूक पोलिसांना वेगळं पत्र, आणि मैदानात मंडप घालणार असाल तर पालिकेचं वॉर्ड ऑफिस आणि अग्निशमन दल. बंद हॉलमध्ये करणार असाल तर यातलं बरंच वाचतं, म्हणून मी नेहमी हॉलच सुचवते.

आवाजाचे नियम २०००सालचे आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. बंदिस्त सभागृहातला आतल्या आत वापर हा रात्रीच्या या बंदीला अपवाद आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त १५, ही वेळ रात्री १२पर्यंत वाढवतं. कॉलेजचा कार्यक्रम त्यात आपोआप बसतो असं मुलं धरून चालतात, तसं नाही. हॉस्पिटल, कोर्ट आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतो, आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण ६०च्या आसपास असतो, यावरून अंदाज घे. तेव्हा उघड्या क्वाड्रँगलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या मधल्या चौकात, ढोल-ताशा ठेवायचा हट्ट सोडा. शेजारच्या इमारतीत कुणीतरी आजारी असतं, कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते दरवाज्याबद्दल, आणि ते कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

मी टी.वाय.ला होते तेव्हा आमच्या कॉलेजात ऑगस्टमध्ये गाण्यांचा कार्यक्रम होता. हॉल चारशे खुर्च्यांचा. पासेस वाटले साडेसहाशे, कारण निम्मे लोक येतच नाहीत असा सगळ्यांचा अनुभव. पासेसचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला, आणि क्वाड्रँगलमध्ये थांबलेली सगळी मुलं एकदम जिन्याकडे धावली. वरचं चॅनल गेट अर्धंच उघडं होतं. पास बघून एकेकाला आत सोडता यावं म्हणून आम्हीच ते तसं ठेवलं होतं. एफ.वाय.ची एक मुलगी पायरीवर पडली, तिच्यावर आणखी दोघं-तिघं. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या गेटची चावी ज्या शिपाईकाकांकडे होती, ते तेव्हा तळमजल्यावर पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. सगळ्यात आधी वर धावत आले तेही तेच. ती मुलगी पुढे बरी झाली. तिच्या आईने हॉस्पिटलात मला एवढंच विचारलं, आत जागा किती होती? मी आकडा सांगितला, आणि मग वाटलेल्या पासेसचा आकडा मला सांगवेना.

२५ नोव्हेंबर २०२३ला कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्याच महोत्सवात, गाण्यांच्या कार्यक्रमाआधी नेमकं हेच घडलं. खुलं प्रेक्षागृह, दरवाज्यातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या, अचानक पाऊस, आणि बाहेर थांबलेली गर्दी आडोशासाठी आत लोटली. ४ जणांचा जीव गेला, त्यातले ३ तिथलेच विद्यार्थी. आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ माणसं गेली, तिथेही पाऊस आणि अरुंद जिना होता. फेब्रुवारीत पाऊस नसेल, पण लाडका गायक आला अशी नुसती कुजबुजही गर्दीला पुरते.

म्हणून खुर्च्या स्वतः मोजा. तेवढेच पासेस छापा, त्यांवर क्रमांक घाला, आणि त्यातलेही वीस-पंचवीस पाहुणे आणि स्वयंसेवकांसाठी बाजूला काढा. पास तपासायचे ते जिन्यावर किंवा हॉलच्या तोंडाशी नाही, खाली मोकळ्या जागेत, कॉलेजच्या गेटजवळ. एकदा माणूस जिना चढायला लागला की त्याला थांबवायचं कारण उरता कामा नये. हॉलचे सगळे दरवाजे कार्यक्रम संपेपर्यंत कुलपाविना राहतील, असं प्राचार्यांना पत्रात लिहून द्या. प्रत्येक दरवाज्यापाशी एकच मुलगा किंवा मुलगी, जिचं दुसरं काहीही काम नाही, जिने स्टेजकडे बघायचंही नाही. हे काम कुणाला नको असतं. तू सेक्रेटरी आहेस, एका दरवाज्यापाशी तू स्वतः उभी राहा. कोल्ड पायरो (स्टेजवर उडवायच्या ठिणग्या), धूर, पेटत्या मशाली, यातलं काही बंद हॉलमध्ये आणायला कुणी कितीही गळ घातली तरी नाही म्हण.

पैशांचं थोडक्यात सांगते. स्पॉन्सरचा चेक कॉलेजच्या नावाने, कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नाही. साउंड आणि लाइटसाठी तीन कोटेशन. परीक्षकांचं मानधन पाच हजारांच्या वर असेल आणि रोख देणार असाल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घ्या. तंबाखू कंपनीची जाहिरात किंवा प्रायोजकत्व कायद्यानेच बंद आहे, आणि मद्याच्या नावाचा सोडा विकणाऱ्यांनाही दारात उभं करू नका. रस्त्याच्या बाजूला बॅनर लावायचा तर पालिकेची परवानगी लागते, ती नसेल तर बॅनर कंपाउंडच्या आत लावा. ड्रोनवर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, म्हणून वरून शूटिंग करायची कल्पना ठाण्यात विचारल्याशिवाय पुढे नेऊ नका.

मुलींबद्दल एक. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीतल्या एका सदस्य बाई त्या दिवशी हजर राहतील का, ते आधी विचारून ठेव आणि त्यांचा नंबर ग्रीनरूमच्या दारावर लाव. कपडे बदलायची खोली फक्त मुलींची आणि आतून कडी लागणारी हवी, विंगेतला पडदा चालणार नाही. आणि बक्षीस समारंभ साडेसात-आठपर्यंत संपव. विरारहून, कर्जतहून, पनवेलहून आलेल्या मुलींना सेटचं सामान घेऊन लोकल पकडायची असते. पाहुण्यांचं भाषण लांबलं तर त्यांना चिठ्ठी पाठवायचा अधिकार आधीच एका प्राध्यापकांना देऊन ठेव.

प्राचार्यांकडे दुसऱ्यांदा जाशील तेव्हा 'परवानगी द्या' एवढंच लिहिलेला अर्ज नेऊ नकोस. बोर्डाच्या वेळापत्रकाशी जुळवलेली तारीख, खुर्च्यांचा आकडा, दरवाज्यावरच्या मुलांची नावं, पोलीस ठाण्याच्या पत्राचा मसुदा आणि खर्चाचं एक पान, एवढं एका फाइलमध्ये घालून ने. माझ्या अनुभवात अशा फाइलला क्वचितच नकार मिळतो.

आणि शिपाईकाकांना रात्री आठनंतर एकटं सोडून जाऊ नका. दुसऱ्या दिवशी बारावीचा पेपर असेल तर वर्गांमधून हलवलेली बाकं त्याच रात्री जिथल्या तिथे लागायला हवीत, कारण त्यांवर आसन क्रमांक चिकटवलेले असतात. बाकं उचलायच्या आधी प्रत्येक वर्गाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. सकाळी साडेदहाला कुणीतरी घाबरलेली मुलगी हॉलतिकीट हातात धरून स्वतःचा नंबर शोधत येईल, तो तिला तिथेच सापडला पाहिजे.