जुनी इंग्लिश चकमकीची शिकारी बंदूक: विकत घ्यावी की स्वतः बांधावी?

तुमचा प्रश्न असा आहे: 1800 च्या आसपासच्या लंडनच्या शिकारी बंदुका जमवायच्या आहेत, पैसे बेताचे आहेत. जुनी घ्यावी की सुटे भाग आणून स्वतः बांधावी? आणि मध्यंतरी केपाची (म्हणजे चकमकीच्या ठिणगीऐवजी ठोक्यानं पेटणाऱ्या छोट्या टोपीवर उडणारी) झालेली, पण पुन्हा चकमकीवर आणलेली बंदूक स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला काय हरकत आहे?

या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. हरकत आहे. मोठी हरकत आहे.

मी मूळचा देवगडकडचा. आमच्याकडे आजोबांची शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, केपाची. रानडुकरं आली की आवाज काढायला. गज, दारू, छर्रे हे शब्द मला त्या पडवीत मिळाले. 1981 साली टूलरूममध्ये नोकरीला म्हणून बर्मिंगहॅमला आलो. इथून जवळच डार्लस्टनला एके काळी घरंच्या घरं बंदुकीची लॉक, म्हणजे दारू पेटवणारी यंत्रणा, बनवायची. कानस हातात धरणाऱ्या माणसाला या गावांत राहून त्या लॉकचा नाद लागला नाही तरच नवल. पंधरा-वीस वर्षांत लॉक, घोडे (चकमक धरून आपटणारा भाग), स्प्रिंगा करायला शिकलो.

आमच्या क्लबात एक वयस्कर संग्राहक होते. नाव सांगत नाही. मला या विषयातलं अर्धंअधिक त्यांनी शिकवलं, हे आधी सांगून टाकतो. एके दिवशी ते एक 16 बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) एकनळी बंदूक घेऊन आले. लंडनचा चांगला कारागीर, अंदाजे 1815 ची घडण. बऱ्याच बंदुकांचं झालं तेच हिचंही झालेलं. केपा आल्यावर मालकानं पॅन (पेटवणीची दारू ठेवायची वाटी) कापून टाकलं, फ्रिझन (चकमक ज्यावर आपटते ते पोलाद) काढलं, घोडा बदलला आणि कानाच्या, म्हणजे नळीतल्या दारूपर्यंत आग नेणाऱ्या भोकाच्या, जागी निपलचा (केप बसवायच्या बोंडाचा) ठोकळा आटे पाडून बसवला. ते म्हणाले, "दुकानातून निघाली तेव्हा कशी दिसत होती ते मला एकदा बघायचंय. माझ्याच भिंतीवर राहील."

मी हो म्हटलं. पाच महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले. घोडा अख्ख्या पोलादाच्या तुकड्यातून कानसून काढला, ओतीव आणला नाही. फ्रिझन दोनदा फसलं. पहिल्याला पाणी जास्त चढलं आणि तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला चीर गेली. दुसरं मऊ पडलं, चकमक त्यावर नुसती ओरखडत राहिली, ठिणगी नाही. तिसरं उतरवलं तेव्हा पांढऱ्या ठिणग्यांचा झुपका सरळ पॅनमध्ये पडला. लॉकची पट्टी साफ करून तेल लावली आणि खिडकीपाशी तिरकी धरली, तर फ्रिझनच्या स्प्रिंगचं जुनं भोक दिसलं. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कुणीतरी ते लोखंडानं इतकं सफाईनं बुजवलं होतं की नुसतं एक केसाएवढं वर्तुळ उरलं होतं. त्याच जागी पुन्हा भोक पाडताना हात थरथरला माझा. नवं पॅन बसवलं, आणि टूलरूममधल्या सवयीप्रमाणे त्याच्या आतल्या, नळीकडच्या अंगाला तिकोनी कानशीनं तीन तिरके चर मारले. मी केलेल्या प्रत्येक वस्तूवर ते असतात.

चार वर्षांनी एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तीच बंदूक. खाली ओळ: मूळ चकमकीच्या अवस्थेत. मी बघण्याच्या दिवशी गेलो, परवानगी मागून लॉक उतरवलं. तीन चर जागच्या जागी. टेबलावरच्या माणसाला सांगितलं की हा घोडा, हे फ्रिझन, हे पॅन मी घरामागच्या शेडमध्ये केलंय. त्यानं नम्रपणे ऐकून घेतलं आणि वर्णन मालकाकडून आलंय म्हणाला. बंदूक दुपारी विकली गेली.

त्या गृहस्थांना मी तोंडावर विचारलं. त्यांचं उत्तर मला आजही पाठ आहे. "काम त्याच पद्धतीनं झालंय, मग फरक काय? आणि खरं सांगू, तुझ्या नावाची बंदूक म्हणजे हौस; त्या लंडनवाल्याच्या नावाची म्हणजे बंदूक." त्यानंतर आम्ही बोललो नाही. ते आता नाहीत.

फरक काय, हे मी इथं सांगतो. लंडनचा बंदूक कारागीर जोसेफ मँटन याच्या हाताखाली जे लोक होते, पर्डी, बॉस, त्यांनी पुढे काय केलं? स्वतःची दुकानं काढली आणि लॉकवर स्वतःचं नाव कोरलं. जेम्स पर्डीनं 1814 मध्ये सुरुवात केली. मँटन तेव्हा इंग्लंडातलं सगळ्यात मोठं नाव होतं, पुढे 1826 मध्ये त्याचं दिवाळं वाजलं ही गोष्ट वेगळी. त्याच्या नावाच्या खोट्या बंदुकाही तेव्हापासून आहेत. ते खोटं काम ज्यांनी केलं त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, आणि पर्डीचं दुकान आजही चालू आहे. हात तेवढाच तयार असताना दुसऱ्याच्या नावाआड का लपायचं? तेव्हा माझं मत विचाराल तर बांधा, आणि वर तुमचं नाव घाला. माझ्या बंदुकांच्या नळीखाली माझं आडनाव आणि गाव देवनागरीत कोरलेलं आहे.

पहिली बांधायची तर एकनळीच. लंडनचा कारागीर हेन्री नॉक यानं 1787 मध्ये नव्या ब्रीचचं (नळीच्या मागच्या बंद टोकाचं) पेटंट घेतलं, दारू लवकर आणि पुरती पेटू लागली, म्हणून नळ्या आखूड झाल्या. त्यानंतरच्या घडणीचा नमुना घ्या, नळी 30 ते 32 इंच, 16 किंवा 20 बोअर. लॉक तयार ओतीव भागांचं घेतलंत तरी चालेल, पण मेनस्प्रिंग (घोडा फेकणारी मुख्य स्प्रिंग) स्वतः करा. स्प्रिंग केल्याशिवाय लॉक कळत नाही. अक्रोडाच्या लाकडात लॉक बसवताना दिव्याची काजळी लावायची, जिथं काळं उठेल तिथंच खरवडायचं. दुसरी युक्ती नाही, घाई तर अजिबात नाही. दस्त्याला जवसाचं तेल, आणि त्यात लाली यायला इथले जुने कारागीर जे मूळ भिजत घालायचे ते आपलं रतनजोत. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. चकमक सफोकमधल्या ब्रँडनची काळी घ्या.

जुनीच घ्यायची असेल तर लॉक उतरवल्याशिवाय पैसे काढू नका. खऱ्या चकमकीच्या बंदुकीत कानाभोवती नळी आणि पॅन रंजकाच्या (पॅनमधल्या दारूच्या) जाळानं खाल्लेली असतात, वेडीवाकडी, वरच्या बाजूला जास्त. पॅन कोरं आणि पट्टी झिजलेली असेल तर संशय घ्या. फसवण्यासाठी मुद्दाम ॲसिड लावून खाववलेलं मात्र एकसारखं दिसतं. कानातला बुश (भोकात बसवलेलं धातूचं अस्तर) गरजेपेक्षा मोठा असेल तर तिथं पूर्वी निपलचा ठोकळा होता. घोड्यावरचं कोरीव काम पट्टीवरच्यापेक्षा ताजं असेल तरीही तेच. आणि केपाची झालेली बंदूक केपाचीच राहिलेली असेल तर ती बेलाशक घ्या, स्वस्त मिळते, आणि ती खोटं बोलत नाही. तिच्यातला तो बदलसुद्धा 1830 च्या एखाद्या कारागिराचं कामच आहे.

कायद्याचं आधी लिहायला हवं होतं. इंग्लंडात जुनी बंदूक नुसती शोभेची म्हणून ठेवली तर 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे सर्टिफिकेट लागत नाही; ती उडवायची म्हटली की शॉटगन सर्टिफिकेट लागतं, आणि काळी दारू आणायला-ठेवायला वेगळं. नवी बांधलेली बंदूक कितीही जुन्या घाटाची असली तरी ती जुनी ठरत नाही. सर्टिफिकेट आधी, काम नंतर. नळी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमधून तपासून घ्या. 1813 पासून ते हेच काम करतंय. भारतात असाल तर घरी बांधायचा विचारच सोडा. परवान्याशिवाय बंदूक बनवणं शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे. आणि जुन्या नळीत काळ्या दारूशिवाय दुसरं काही कधीही घालू नका.

ती 16 बोअरची त्यानंतर दोनदा हात बदलून गेली असं कानावर आलंय. तुम्हाला दाखवलेली बंदूक कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत. लॉक उतरवून पॅनच्या नळीकडच्या अंगाचा फोटो काढा. तीन तिरके चर दिसले तर इथं टाका, ते माझेच आहेत असं मी लेखी देईन.